बिनभोकाचं खोकं

गाणं संपलं. दातांच्या डॉक्टरांनी गिटार खाली ठेवली, रुमालाने कपाळ पुसलं आणि माझ्याकडे वळून अगदी आपुलकीने विचारलं, "मॅडम, आज तुम्ही वाजवलं नाहीत का?"

मी पूर्ण वेळ वाजवत होते. डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडेपर्यंत वाजवत होते. गाण्याच्या मधल्या भागात तर मी एक अशी जागा घेतली होती की घेतल्यावर माझी मीच लाजले होते. आणि हे विचारतात, वाजवलं नाहीत का!

"वाजवलं की," मी म्हटलं.

"असं होय," ड्रमवर बसलेले आमचे हिशेबनीस म्हणाले. "मला वाटलं, बाहेर ट्रक चालू ठेवून कुणीतरी उभं आहे."

आमच्या रुग्णालयाचा वाद्यवृंद चार जणांचा. दातांचे डॉक्टर गातात आणि गिटार वाजवतात. लेखा विभागाचे हिशेबनीस ड्रम बडवतात, मेट्रनबाई कीबोर्डवर असतात आणि मी बेस गिटार वाजवते. बेस गिटार म्हणजे चार जाड तारांची, खालच्या सुरांची. गाण्याच्या घराला ती पायासारखी असते, असं मी लोकांना सांगते. लोक घर बघतात, पाया कोण बघणार? पण निदान तो घातलाय की नाही, असा संशय तरी येऊ नये.

तेवढ्यात मेट्रनबाई म्हणाल्या, "तसं काही अडत नाही हो. खालचे सूर मी डाव्या हाताने धरीन. मॅडमना उगीच त्रास कशाला?"

मेट्रनबाईंनी आयुष्यभर लोकांना कॉटवरून उठवलेलं आहे, तेही त्यांच्याच भल्यासाठी. आता मला उठवायला निघाल्या होत्या, आणि तेही नुसत्या डाव्या हाताने. वर्धापनदिनाचा कार्यक्रम महिन्यावर आला होता.

माझं काम एक्स-रे विभागात. खोलीत एक रुग्ण आणि शिशाच्या भिंतीआड मी. दिवसभरात माझ्या तोंडून जी वाक्यं निघतात त्यातली बहुतेक "श्वास घ्या, रोखा, सोडा" अशीच असतात. रुग्ण श्वास सोडतात आणि जातात. आजवर एकानेही जाताना "आणि तुम्ही कशा आहात?" असं विचारलेलं नाही. विचारावं असंही नाही म्हणा, बाहेर रांग असते. घरी यायचं तर तिथे आई होती. पण आमची लिफ्ट सारखी बंद पडायची आणि तिच्या कमरेला जिने झेपेनात म्हणून दादाने तिला आपल्या तळमजल्यावरच्या घरी नेलं, त्यालाही आता बरेच महिने झाले. म्हणजे दिवसभर मी दुसऱ्यांना श्वास रोखायला सांगते आणि घरी आल्यावर कुलूप काढताना स्वतःच रोखते, असा प्रकार. बेस गिटार मी त्यानंतर शिकले. तेव्हा वाद्यवृंदातली ती एकच जागा रिकामी होती.

एकूण, मला मोठा आवाज हवा होता. माझ्याकडचा स्पीकर जेवणाच्या डब्याएवढा होता आणि त्याचा आवाजही बंद डब्यातूनच आल्यासारखा यायचा.

मी दादाला फोन केला. "दादा, मी कॅबिनेट घेतेय."

"स्वयंपाकघरातलं? वरच्या फळीवर काही ठेवू नकोस, पडशील."

"स्पीकरचं कॅबिनेट रे."

"त्यापेक्षा कपडे धुण्याचं मशीन बदल," दादा म्हणाला. "हे घे, आईशी बोल." आईने ऐकलं ते फक्त 'कॅबिनेट'. "कपाट लाकडाचंच घे गं," ती म्हणाली, "आणि कुलूप चांगलं बघ." मग जेवलीस का, झोपलीस का, हे झालं आणि फोन संपला. घरच्यांशी विचारविनिमय करून निर्णय घ्यावा म्हणतात, तो मी केला.

वाद्यांच्या दुकानात गेले तर दुकानदाराचा पहिलाच प्रश्न, "भोकवालं की बंद?"

मला वाटलं, हा मला चहाच्या गाळण्याबद्दल विचारतोय. पण त्याने मला स्टुलावर बसवलं आणि दोन्ही प्रकार वाजवून दाखवले. पहिल्या खोक्याला पुढून वाटीएवढं भोक होतं. मी एक सूर वाजवला. 'घूंऽऽऽ' करून तो दुकानभर फिरला, काउंटरला टेकला, तबल्यांच्या रांगेत जाऊन बसला आणि उठायचं नावच घेईना. ऐकायला छान, भरघोस, पण पुढचा सूर वाजवला तरी मागचा अजून चपला शोधतोय!

दुसरं खोकं चहूबाजूंनी बंद होतं. तोच सूर वाजवला. 'ढुम्.' आला, बोलला, गेला.

"यात आत कोंडलेली हवा स्पीकरला धरून ठेवते," दुकानदार म्हणाला. "म्हणून सूर लांबत नाही. कार्यक्रम कुठे आहे?"

"रुग्णालयाच्या सभागृहात. खाली फरशी, भिंतींना टाइल्स."

"मग बंदच घ्या. टाइल्सच्या हॉलमध्ये भोकवालं घेतलंत तर नुसता गजर होईल, गाणं कुठलं ते कळणार नाही. फक्त एक आहे, बंद खोकं तेवढ्या मोठ्याने बोलत नाही. त्यामुळे स्पीकर जास्त लागतात. हे दहा इंची चारवालं न्या."

त्याने बोट दाखवलं तिकडे माझ्या कमरेएवढं काळंकभिन्न खोकं उभं होतं. मी जवळ जाऊन ते हलवून पाहिलं. ते हलवून घेणाऱ्यातलं नव्हतं.

"जड आहे," दुकानदार म्हणाला. "घरी उचलायला माणसं आहेत ना?"

आता इथे 'नाहीत' म्हणायला माझं काय जात होतं? पण त्याने ते इतक्या सहज विचारलं, जणू माणसं ही प्रत्येकाच्या घरी असतातच, बादल्यांसारखी. मी म्हटलं, "आहेत ना. बरीच आहेत."

या एका वाक्याने पुढचं सगळं रामायण घडवलं.

टेम्पोवाल्याने खोकं इमारतीच्या फाटकाशी उतरवलं आणि तो गाडीत चढून बसला. "अहो, वर कोण नेणार?" मी ओरडले. त्याने चिठ्ठी दाखवली. तिच्यावर लिहिलं होतं, 'घरी भरपूर माणसे.' टेम्पो गेला. भरपूर माणसे फाटकाशी एकटीच उभी राहिली.

वॉचमन आला. खोक्याभोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणाला, "सीलबंद दिसतंय. आत काय आहे?"

"हवा."

"आणखी?"

"आणखी काही नाही. हवाच महत्त्वाची आहे."

त्याच्या चेहऱ्यावर अशी काळजी पसरली की मला त्याचाच एक्स-रे काढावासा वाटला. "ताई, हवा असो काही असो, आत काय ते दिसत नसेल तर सेक्रेटरींना विचारावं लागेल."

सेक्रेटरी बनियनवर शर्ट चढवत खाली आले. सेक्रेटरी हा माणूस जिवंतपणी नियमावलीत रूपांतर पावलेला आहे. त्यांनी विचारलं, "हे फर्निचर की विजेचं उपकरण?"

"दोन्ही नाही. स्पीकरचं कॅबिनेट आहे."

"कॅबिनेट म्हणजे भिंतीला ठोकणार. दुपारच्या वेळी ठोकाठोक बंद आहे."

"ठोकायचं नाहीये, नुसतं ठेवायचंय."

"मग फर्निचर. फर्निचर लिफ्टमधून नेता येत नाही, जिन्याने न्या. उचलायला माणसं आहेत ना?"

आता मात्र मी खरं सांगितलं. त्याचा त्यांच्यावर काडीचा परिणाम झाला नाही. लिफ्टसाठी समितीची विशेष परवानगी लागेल आणि समिती जमेपर्यंत खोकं खाली पत्रपेट्यांजवळ राहील, असा निकाल लागला. मी वरून चादर आणून त्यावर घातली. चादर घातल्यावर ते एखाद्या पाहुण्यासारखं दिसू लागलं, रात्री उशिरा आलेल्या आणि कुणी दार न उघडलेल्या.

आणि मग एक गंमत झाली. दुसऱ्या दिवशी कामावरून आले तर खोक्यावर समोरच्या दारातल्या वहिनी बसलेल्या. हातात भाजीची पिशवी. "लिफ्ट यायला वेळ लागतो ना हो," त्या म्हणाल्या, "बरं झालं तुम्ही हे बाक आणलंत." त्याच्या पुढच्या दिवशी वहिनी होत्या, पहिल्या मजल्यावरचे शिंपी होते आणि माझ्या खालच्या घरात राहणारे पूलकाका होते. पूलकाका म्हणजे निवृत्त इंजिनिअर. नोकरीभर त्यांनी पूल बांधले आणि बायको गेल्यापासून ते एकटेच असतात. शर्ट रोज इस्त्रीचा, जायचं मात्र कुठेच नाही.

मी खरं तर रागावायला हवं होतं. त्या खोक्यात चार नाजूक स्पीकर होते आणि शिंप्यांचं वजन काही नाजूक नव्हतं. पण शिंपी म्हणाले, "या, बसा," आणि सरकून जागा दिली. माझ्याच खोक्यावर मला जागा दिली! मी बसले. त्या जिन्यातून मी वर्षानुवर्षं ये-जा करते, पण तिथे कुणी मला 'बसा' म्हणालेलं आठवत नाही. मग मी दवाखान्यातून जरा लवकर निघू लागले. खोक्यावर लक्ष ठेवायला हवं ना, म्हणून.

सल्ल्यांना तर ऊत आला होता. वहिनींचं मत, खालून चाकं लावा. शिंप्यांचं मत, वर मऊ गादी शिवून देतो. पूलकाकांनी सगळ्यांत शास्त्रशुद्ध विचार केला होता.

"हे चारी बाजूंनी बंद आहे?" त्यांनी विचारलं.

"हो काका, बंदच हवं असतं."

"चूक आहे. पुलालासुद्धा मध्ये फट ठेवतो आम्ही. मोकळीक लागते. कोंडून ठेवलेल्या गोष्टीचं काही चांगलं होत नाही."

म्हातारा माणूस, इतक्या पोटतिडकीने बोलतोय. त्यात रोज भेटणारी माझी माणसं मोजून तीन. वाद कशाला घालायचा? मी म्हटलं, "बरोबर आहे तुमचं काका."

माझा हा सभ्यपणा एक दिवस माझा घात करणार, असं आई नेहमी म्हणायची. त्याला पूलकाकांनी मुहूर्त दिला. एका संध्याकाळी आले तर चादर बाजूला, फरशीवर भुसा, आणि काका हातात ड्रिल घेऊन प्रसन्न उभे. खोक्याच्या पाठीला गोटीएवढं, सुरेख गोल भोक पडलेलं होतं.

"बघा," ते म्हणाले, "आता कसं मोकळं वाटतंय. मुंग्या जाऊ नयेत म्हणून जाळीसुद्धा बसवली आहे."

माझ्या तोंडून शब्द निघाले ते असे, "थँक्यू काका."

मग वर गेले, दार लावलं आणि भांडी घासायला घेतली. घासलेलीच होती. पुन्हा घासली. रडले वगैरे नाही. रडायला समोर कुणीतरी लागतं, नाहीतर ते नुसतं डोळ्यांतून पाणी येणं होतं.

दुकानदाराला फोन केला. त्याने मला सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग त्याने विचारलं, "बंद कॅबिनेटला भोक? कुणी पाडलं?"

"घरच्यांनी," मी म्हटलं. आता माघार घेणं शक्य नव्हतं.

"तुमच्या घरच्यांना सांगा, पुन्हा हात लावू नका. भोक घट्ट बुजवा. हवा तसूभर जरी गळली तरी शिट्टी वाजेल."

त्या दिवसापासून मी पूलकाकांशी अबोला धरला. ते "नमस्कार" म्हणायचे, मी किल्ली शोधायचे. खोक्यावर बसणंही सोडलं. समितीने अखेर लिफ्टची परवानगी दिली ती नेमकी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी. पण तेव्हा खोकं वर न्यायला वेळच नव्हता, ते टेम्पोत घालून थेट रुग्णालयात नेलं. टेम्पोपासून सभागृहापर्यंत न्यायला स्ट्रेचर मिळालं. वरून पांढरी चादर टाकलेली, एका बाजूने वॉर्डबॉय आणि मागून मी मान खाली घालून. व्हरांड्यात लोक बाजूला झाले. एका आजोबांनी टोपी काढली. मी त्यांना काही सांगायला गेले नाही. मला तसं फारसं चुकीचं वाटलं नाही.

भोकाची जाळी काढून मी आत कापूस कोंबला होता आणि वर चिकटपट्टी लावली होती. तालमीत पहिला खालचा सूर लावला आणि चिकटपट्टी उडाली, पाठोपाठ कापूस बाहेर आला आणि खोक्याने 'फुर्रर्र' असा आवाज केला.

हिशेबनिसांनी ड्रम थांबवले. "कुणाचं पोट बिघडलंय?"

डॉक्टर सभ्य माणूस, ते छताकडे बघू लागले. मेट्रनबाईंनी डावा हात कीबोर्डवर ठेवला.

त्या हाताकडे बघून माझ्या डोक्यात काय शिरलं कुणास ठाऊक. मी स्ट्रेचर ओढलं आणि खोकं घेऊन थेट प्लास्टरच्या खोलीत गेले. तिथले मामा हाडं जोडण्यात आयुष्य घालवलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "घालतो. केसपेपर आणा."

"मामा, हे खोकं आहे."

"प्लास्टर सरकारी हिशेबात जातं, मॅडम. केसपेपरशिवाय मी सख्ख्या भावालाही घालत नाही."

मी केसपेपर काढला. नोंदणीच्या खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "रुग्णाचं नाव?" मी म्हटलं, "बेस." "वय?" "नवीनच आहे." "तक्रार?" "हवा जाते." त्यांनी लिहिलं, शिक्का मारला आणि विचारलं, "सोबत कोण आहे?" मी म्हटलं, "मी आहे."

मामांनी कागद पाहिला. "एक्स-रे कुठाय?"

नियम म्हणजे नियम. मी खोकं माझ्या खोलीत नेलं, यंत्रासमोर उभं केलं आणि भिंतीआड जाऊन सवयीने म्हणाले, "श्वास घ्या... रोखा." पडद्यावर चार गोल चुंबकं दिसली, दोन बारीक तारा, आणि बाकी सगळा काळोख. स्वच्छ, एकही डाग नसलेला. इतक्या जणांच्या छात्या रोज बघते, पण इतकी रिकामी पहिल्यांदाच पाहत होते. खूप वेळ बघत बसले. मग बाहेरून कुणीतरी दार ठोठावलं, रांग लागली होती.

मामांनी दोन थर प्लास्टर घातलं आणि बजावलं, "ओलं आहे, भार टाकू नका."

कार्यक्रम दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झाला. सभागृह भरलं होतं. पहिल्या गाण्याला मी सूर लावला आणि 'ढुम्' असा तो आला, बोलला, गेला. मागच्या रांगेतल्या खुर्च्याही जरा थरारलेल्या मला दिसल्या. प्लास्टर टिकलं. मी चुकले फक्त एकदा, तेही पहिल्या रांगेच्या टोकाला पूलकाका दिसले म्हणून. मी त्यांना बोलावलं नव्हतं. गळ्यात टाय घालून आले होते आणि गाणाऱ्या डॉक्टरांकडे न बघता माझ्या खोक्यावर नजर रोखून बसले होते, पुलावरून पहिली गाडी जाताना बघत बसावं तसे.

टाळ्या झाल्या. डॉक्टर घामाघूम होऊन म्हणाले, "आज माझा आवाज काय लागला होता, नाही?" मेट्रनबाईंनी मला हळूच सांगितलं, "आज माझा डावा हात मोकळा राहिला बाई." एवढंच. पण मेट्रनबाईंकडून एवढं म्हणजे पुष्कळच. मग सगळे जेवायला गेले. खोकं सोडून जाता येईना म्हणून मी टेम्पोची वाट बघत सभागृहाच्या पायरीवर बसले.

पूलकाका बाहेर आले. थोडं अंतर ठेवून तेही पायरीवर बसले.

"आत्ता बंद आहे ना ते?" त्यांनी विचारलं.

"हो. प्लास्टर घातलंय." खूप दिवसांनी मी त्यांच्याशी बोलत होते. मग म्हटलं, विचारूनच टाकावं. "काका, भोक कशाला पाडलंत हो?"

त्यांनी टायची गाठ सैल केली. "तुमच्या आई होत्या तेव्हा वरून त्यांच्या काठीचा आवाज यायचा. सकाळी ओट्याकडे, मग गॅलरीकडे, दुपारी परत. मी घड्याळ बघत नसे. त्या गेल्या आणि वर एकदम शांत. तुम्ही घरात चालता की नाही, मला कळत नाही."

"मऊ चपला घालते मी. खाली तुम्हाला त्रास नको म्हणून. आणि वाजवते ते हेडफोन लावून."

"असं होय," ते म्हणाले. "हे खोकं आलं तेव्हा वाटलं, आता वर काहीतरी वाजेल. पण तुम्ही म्हणालात, चारी बाजूंनी बंद. मला वाटलं, आवाज आतच कोंडून राहील. खाली माझ्यापर्यंत यायचा नाही."

टेम्पो आला तेव्हा दोघंही उठलो.

रविवारी दुपारी खोकं माझ्या बाहेरच्या खोलीत होतं. मी हेडफोनची वायर काढून ठेवली, चपला काढल्या, आणि लावला सगळ्यांत खालचा सूर. खिडकीची काच थरथरली. मग दुसरा, तिसरा. गाणं असं नाही, नुसतीच चाल. तेवढ्यात खालून ठक्, ठक्, ठक्, असं कुणीतरी छताला काठीने ठोकू लागलं.

मी चटकन थांबले. कान लाल झाले. पायरीवर बसून माणूस काहीही बोलतो, दुपारच्या झोपेच्या वेळी त्याचं तसंच मत राहील असं थोडंच आहे? मी आवाज पार खाली केला आणि तारांवर हात ठेवून गुपचूप बसले.

दाराची घंटी वाजली. दारात पूलकाका, हातात लांब दांड्याचा झाडू, जिना चढून धाप लागलेली.

"माफ करा काका, झोपमोड झाली ना? मी बंद..."

"बंद काय?" ते चिडून म्हणाले. "मी ठेका धरत होतो. मध्येच थांबलात कशाला?"